फुटलं कौल बदलावं, घर नव्हे

दोस्तांनो, आधी एक कोडं. महाडच्या बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन "एसी दाखवा" म्हटलं, की दुकानदार विचारतो, "एक टनाचा की दीड टनाचा?" आता दीड टन म्हणजे पंधराशे किलो! एवढं वजन टांगलं तर भिंतच खाली यायची. पण दोन माणसं शिडीवर चढतात आणि ते यंत्र आरामात खिळवून मोकळी होतात. मग हे टन आलं तरी कुठून?

ते आलं बर्फातून. यंत्रं नव्हती तेव्हा गारवा हवा असेल तर बर्फच आणावा लागे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फाने भरलेलं एक जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला आलं होतं. गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ! तो वाटेत वितळू नये म्हणून वापरायचे लाकडाचा भुसा. पुढे गारवा करणारी यंत्रं निघाली, तेव्हा त्यांची ताकद मोजायची कशी, हा प्रश्न आला. लोकांना बर्फाचा हिशेब माहीत होता. म्हणून ठरलं, की एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता जे यंत्र एका दिवसात उचलून नेईल ते एक टनाचं. हा टन अमेरिकन, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा. या हिशेबाने दीड टनाचा एसी तासाला जवळजवळ ५७ किलो बर्फाचं काम करतो.

वरचं वाक्य पुन्हा वाचा. "उष्णता उचलून नेईल" असं म्हटलंय. "गारवा तयार करील" असं नाही. एसी गारवा बनवत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. ही एक गोष्ट नीट समजली, की त्याची निगा कशी राखायची, तो दुरुस्त कधी करायचा आणि बदलायचा कधी, हे सारं आपोआप उलगडत जातं.

आजोबांच्या घराचा एसी

महाड आणि पोलादपूर हे आपले दोन्ही तालुके रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला जाते. समुद्र तसा लांब. त्याचा वारा इथवर येईतो दमून जातो. भोवताली डोंगर. एप्रिल-मे महिन्यात हवा हलत नाही आणि घाम वाळत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं, की मात्र अंगावर काटा येतो. कारण हजार मीटर वर चढलं, की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. ब्रिटिश साहेब म्हणूनच उन्हाळ्यात आपलं बिऱ्हाड वर हलवायचे.

पण खाली राहणाऱ्यांचं काय? त्यांनी घरच तसं बांधलं. अजूनही खेड्यापाड्यांत अशी घरं आहेत, एकदा नीट निरखून पाहा. वर उतरतं कौलारू छप्पर. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. छपराखाली माळा. त्यावर पेंढा, गोवऱ्या, भाताच्या कणग्या. उन्हाची धग आणि माजघर यांच्यामध्ये ही जाड गादीच झाली की! बोस्टनच्या बर्फाला जसा भुसा, तसा आपल्या माजघराला हा माळा. पुढे ओटी, बाजूला पडवी, म्हणजे भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. खाली शेणाने सारवलेली जमीन. दुपारी तिच्यावर नुसतं आडवं झालं तरी डोळा लागतो.

आता खरी गंमत ऐका. हे घर "एकदा बांधलं की झालं" असं नसतं. मे महिन्यात घर शाकारायला लागतं. शाकारायचं म्हणजे काय? छपरावर चढून कौलं उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, माकडांनी फोडलेली कौलं काढून त्या जागी दुसरी घालायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, आणि सगळं पुन्हा ओळीने रचायचं. शंभर कौलांतली पाच फुटली तर पाचच बदलायची. पंचाण्णव तीच राहतात. वासा मात्र वाळवीने पोखरला असेल, तर नुसती कौलं बदलून उपयोग नाही. वासाच बदलायला हवा. आणि सगळेच वासे गेले असतील, तर नवं छप्पर.

हा नियम लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला यंत्राच्या बाबतीत लागणार आहे.

स्लॅब आला, पंखा आला...

नंतर घरं बदलली. कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅब दर वर्षी शाकारावा लागत नाही, माकडं तो फोडत नाहीत. ही त्याची मोठीच सोय. पण तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग हळूहळू खोलीत सोडतो. रात्री नऊ वाजता खुर्चीवर चढून छताला हात लावून पाहा (पंखा बंद करून, बरं का!). छत अजून कोमट असतं.

मग कुणी म्हणतं, "कूलर घेऊ या की! नागपूरला मामांकडे काय झकास गार वाटतं!" नागपूरला वाटतं, ते खरं. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारा नाहीतर कूलरच्या जाळीवर. ते पाणी वाळताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण पाणी वाळायला हवा कोरडी हवी. विदर्भातली उन्हाळी हवा तशीच कोरडी. आपल्याकडची हवा आधीच बाष्पाने जड झालेली. ती आणखी पाणी घेणार कुठे? दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे कूलर काय करणार बिचारा! उलट खोली आणखी चिकचिकीत होते.

बाष्पाचा हा त्रास जुनाच. १९०२ साली न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. हवा दमट झाली की कागद फुगायचा, कोरडी झाली की आक्रसायचा. रंगीत चित्र छापताना एकावर एक चार रंग चढवायचे असतात. कागद केसभर सरकला तरी चित्राचं नाक गालावर! विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यावर उपाय म्हणून हवेतलं बाष्प काढणाऱ्या यंत्राची योजना आखली. आजच्या एअर कंडिशनरची सुरुवात इथून धरतात. म्हणजे पहिली सोय झाली ती माणसांची नव्हे, कागदाची!

हातावरचं स्पिरिट आणि सायकलचा पंप

एसीच्या पोटात काय चालतं? दोन गोष्टी तुम्हाला अनुभवाने माहीत आहेत. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर दंडाला स्पिरिट चोळतात, तेव्हा गार लागतं. कारण स्पिरिट उडून जाताना दंडाची उष्णता घेऊन जातं. दुसरी गोष्ट, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं. कारण हवा दाबली की ती तापते.

एसी या दोन्ही गोष्टी आळीपाळीने करतो. नळ्यांमध्ये एक खास द्रव फिरत असतो. खोलीतल्या भागात तो उकळून वायू होतो आणि स्पिरिटसारखी खोलीतली उष्णता पिऊन घेतो. बाहेरच्या पेटीत कॉम्प्रेसर म्हणजे एक ताकदवान पंप असतो. तो या वायूला दाबतो, वायू तापतो, बाहेरचा पंखा ती उष्णता उडवून देतो, आणि गार होऊन वायूचा पुन्हा द्रव होतो. तो द्रव एका बारीक वाटेतून परत आत येतो. असा हा रहाट अखंड चालतो. रहाटाचे पोहरे जसे भरून वर येतात आणि रिकामे होऊन खाली जातात, अगदी तसंच. फक्त इथे पाण्याऐवजी उष्णता उपसली जाते.

खोलीतल्या थंड नळ्यांवर हवेतलं बाष्पही गोठल्यासारखं जमतं आणि थेंबाथेंबाने बाहेर पडतं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तोच प्रकार. कोकणातल्या दमट रात्री या नळीखाली ठेवलेली बादली भरायला फार वेळ लागत नाही. हे पाणी प्यायचं नाही, पण झाडांना घालायला किंवा फरशी पुसायला चांगलं.

यंत्राची शाकारणी

आता निगा. रहाट चालायचा असेल तर दोन ठिकाणी हवा मोकळी वाहिली पाहिजे. आत, उष्णता उचलण्यासाठी. आणि बाहेर, ती टाकण्यासाठी. एसी "गार करत नाही" अशा पुष्कळ तक्रारींचं मूळ इथेच असतं.

जाळी: खोलीतल्या यंत्राचं झाकण उचललं की आत धूळ अडवणारी जाळी असते. ती धुळीने भरली की हवा आत जात नाही. नळ्यांवर चक्क बर्फ धरतो, वीज खर्च होते आणि खोली तशीच! एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी जाळी धुवावी. हे काम तुमच्यासारखी मोठी मुलंही करू शकतात. मात्र घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. आधी एसीचा मुख्य खटका बंद. मग जाळी काढून नळाखाली धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि परत बसवायची. उन्हात ठेवली तर वाकडी होते.

पाण्याची नळी: तिच्यात शेवाळ किंवा कचरा अडकला, की पाणी मागे फिरून भिंतीवर ओघळतं. "एसी गळतोय" म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा नळी साफ केली की काम होतं.

बाहेरची पेटी: तिच्यासमोर कुंड्या, जुने पत्रे, सायकली रचून ठेवू नयेत. तिच्या बारीक पात्यांवर धूळ आणि पालापाचोळा बसतो. पावसाळ्यात आडोसा म्हणून उंदीर आणि पाली आत शिरतात. उंदीर तारा कुरतडतो, पाल इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चढली की पट्टी जळते आणि पालही मरते. या पेटीला मात्र तुम्ही हात लावायचा नाही. आतल्या कपॅसिटर नावाच्या भागात वीज बंद केल्यावरही काही वेळ विजेचा साठा राहतो. ते मेकॅनिक काकांचं काम. आणि काका दुसऱ्या मजल्याच्या भिंतीबाहेर उतरणार असतील, तर बाबांना एवढं जरूर सांगा, "त्यांनी कमरेला पट्टा बांधलाय का ते बघा." आपल्या गारव्यासाठी कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

वेळ: घर शाकारतात मे महिन्यात, पावसाच्या आधी. यंत्राचं उलटं. ते पाहून घ्यायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, उकाड्याच्या आधी. मे महिन्यात मेकॅनिकला फोन केला, की तो म्हणणार, "चार दिवसांनी येतो!" जूनमध्ये एसी बंद करताना दोन-तीन तास नुसता पंखा चालवून आतला ओलावा वाळवायचा आणि मग मुख्य खटका बंद करायचा. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी कुबट वासाने नाक मुरडावं लागतं.

"गॅस संपला" म्हणजे काय?

मोठ्या माणसांनीही लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो. तेव्हा गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. कुणी नुसता गॅस भरून दिला, तर फुटक्या माठात पाणी भरण्यासारखंच ते! "आधी गळती शोधा, बुजवा, मग भरा," असं सांगायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

गळती बुजवायची ती केवळ पैशासाठी नव्हे. पूर्वी फ्रिज-एसीत वापरले जाणारे क्लोरीनयुक्त वायू हवेत उंच जाऊन पृथ्वीभोवतीचं ओझोनचं कवच कुरतडतात, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्या कवचाला पडलेलं भगदाड जगापुढे आलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रिअल शहरात करार झाला आणि पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मानला. म्हणूनच १६ सप्टेंबरला ओझोन दिन असतो. जुन्या एसीतला आर-२२ हा त्याच घराण्यातला, पण थोडा कमी खोडकर. भारताने २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ बंद करायचं ठरवलं आहे. आता नव्या यंत्रांत बऱ्याचदा आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वीचा ताप वाढवतो, आणि थोडाफार पेटूही शकतो. म्हणून एका गॅसच्या यंत्रात दुसराच गॅस भरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. यंत्रावरच्या चिठ्ठीत कुठला गॅस ते लिहिलेलं असतं, वाचून पाहा.

ऊब देणारी यंत्रं

आपल्याकडे खोली तापवायची वेळ सहसा येत नाही. पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांवर डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो, तेव्हा घोंगडी, वाकळ आणि अंगणातली शेकोटी पुरते. आपल्याला तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी.

त्यासाठी पूर्वी न्हाणीघराशेजारी तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात बंबफोड, म्हणजे लाकडाचे लहान तुकडे घालायचे, वरून गार पाणी ओतायचं की तोटीतून गरम पाणी. त्याचीही निगा होतीच. रोज राख काढायची, चिंचेने घासायचा, आणि रिकामा बंब कधी पेटवायचा नाही. आज बंबाच्या जागी गीझर आला. हा "गीझर" शब्द ऐकायला इंग्रजी, पण मूळचा आइसलँडचा. तिथे गेसिर नावाचा उकळत्या पाण्याचं कारंजं उडवणारा झरा आहे. त्याच्या नावावरून हा शब्द आला. आइसलँडची राजधानी रेक्याविक इथली घरं जमिनीतल्या गरम पाण्यानेच उबदार ठेवतात.

तुम्ही म्हणाल, आपलं असं नशीब कुठलं? अहो, महाडजवळ सावित्रीकाठी सव गावात गरम पाण्याचे झरे आहेत की! दापोलीजवळचं उन्हवरे, संगमेश्वरकडची तुरळ आणि राजवाडी, तिकडे वर वज्रेश्वरी-गणेशपुरी, अशी गरम झऱ्यांची रांगच कोकणात आहे. निसर्गाचा हा गीझर ना वीज मागतो, ना मेकॅनिक.

घरातला गीझर मात्र मागतो. विजेच्या गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाणी टाकीऐवजी तिला खातं, म्हणून ती झिजली की बदलायची. पाण्याचा दाब वाढला तर सोडून देणारी झडप असते, ती चालते का हे वर्षातून एकदा बघून घ्यायचं. आणि अर्थिंग नसलेल्या प्लगवर गीझर लावायचाच नाही.

गॅसच्या गीझरबद्दल मात्र जरा थांबून वाचा. कोंदट न्हाणीघरात गॅस जळू लागला, की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणसाला नुसती गुंगी येते, आणि आतून कडी लावलेली असते. अशा प्रकारांत माणसं दगावली आहेत. म्हणून गॅस गीझर मोकळ्या हवेत, न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. आत असलाच तर वरची खिडकी कधी बंद करू नये. थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी घेऊन झोपणं हेही तितकंच घातक. बंब न्हाणीघराच्या बाहेर का असे आणि शेकोटी अंगणात का पेटवत, याचं एक कारण आता कळलं ना?

पूर येतो तेव्हा

महाडकरांना निगा म्हणजे काय याचा एक धडा आणखी शिकावा लागतो. तो पुराचा. २००५ च्या जुलैत पूर आला, जुई आणि दासगावला दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं, बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. माणसांपुढे यंत्रांचं काय घेऊन बसलात, हे खरंच. पण पूर ओसरल्यावर आणखी माणसं जाऊ नयेत, म्हणून यंत्रांबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात.

पाणी चढू लागलं की घरातल्या मोठ्यांनी आधीच मुख्य खटका बंद करावा. पायाखाली पाणी आलं असेल तर विजेच्या पेटीला हात लावू नये. पाणी ओसरल्यावर "चालतो का बघू" म्हणून फ्रिज, पंप, एसी, गीझर यांपैकी काहीही लावून पाहू नये. वरून कोरडं दिसलं तरी आतल्या गाळात ओल असते. आधी वायरमनने घरातली वायरिंग तपासायची, मग यंत्रांची पाळी.

पुरात बुडालेला एसी टाकूनच द्यावा लागतो का? नाही. कॉम्प्रेसर चारी बाजूंनी जोडकाम केलेल्या लोखंडी भांड्यात बंद असतो. नळ्या शाबूत असतील तर पाणी त्याच्या पोटात जात नाही. बिघडते ती बहुधा इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि पंख्याची मोटर. स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, पूर्ण वाळवून, तपासून, हे भाग बदलून काही यंत्रं पुन्हा उभी राहू शकतात. पण विजेच्या गीझरच्या आतल्या कापसासारख्या अस्तरात गाळाचं पाणी मुरलं असेल, तर त्याचा मोह सोडलेला बरा. नदीकाठच्या घरात नवं यंत्र बसवताना बाहेरची पेटी जमिनीवर न ठेवता वरच्या मजल्याच्या उंचीवर बसवावी. पुराची खूण भिंतीवर असतेच, तिच्याही वर!

कौल की वासा?

आता आला आपला नियम कामाला. यंत्र बिघडलं की विचारायचं, फुटलंय ते कौल आहे की वासा? कपॅसिटर, पंख्याची मोटर, पाण्याची नळी, रिमोट ही झाली कौलं. बदलायची आणि पुढे जायचं. कॉम्प्रेसर किंवा नळ्यांची जाळी म्हणजे वासा. तो गेला, यंत्र दहा-बारा वर्षांचं झालं, आत आर-२२ आहे आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या घरात जातोय, तर बदललेलं बरं.

"नवा एसी घेतला की वीज वाचते" असंही सांगतात. खरं आहे, पण किती? चला, गणित करू या. समजा जुना एसी चालताना १६०० वॅट घेतो आणि तेवढंच गार करणारा नवा ११०० वॅट. फरक ५०० वॅट, म्हणजे तासाला अर्धा युनिट. रोज आठ तास म्हणजे चार युनिट. आपल्याकडे उन्हाळ्याचे नव्वद दिवस धरले तर ३६० युनिट. दर दहा रुपये धरला तर वर्षाला ३६०० रुपये वाचले. नवा एसी ४०,००० रुपयांचा असेल तर तो पैसा परत यायला अकरा वर्षं! म्हणजे घरचा जुना एसी धडपणे चालत असेल तर नुसत्या विजेसाठी तो काढायची घाई नको. पण हाच एसी एखाद्या दुकानात रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस चालत असेल तर? १८०० युनिट, १८,००० रुपये. दोन-सव्वादोन वर्षांत वसूल! यंत्र तेच, पण उत्तर वेगळं. आकडे आपण समजायला घेतले. तुमच्या घरच्या वीजबिलावरचा दर घालून हे गणित तुम्हीच करा.

नवा घ्यायचाच तर आधी खोली मोजा. लहान खोलीला मोठा एसी घेतला तर तो झटकन गार करून थांबतो, पण बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही; खोली गार आणि तरीही दमट राहते. तारे मोजताना चिठ्ठीवरचं वर्षही बघा, कारण ताऱ्यांची परीक्षा मधूनमधून अवघड करतात. काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आज कमी भरतील. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात नवे एसी २४ अंशांवर लावूनच द्यावेत असा नियम झाला. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. आणि जुनं यंत्र भंगारात देताना गॅस हवेत सोडून नळ्या कापणाऱ्याला देऊ नका. असा कचरा नोंदणीकृत ठिकाणी द्यावा, यासाठी २०२२ चे ई-कचरा नियम आहेत. नव्याच्या बदल्यात जुना घेणाऱ्या दुकानदाराला विचारा, "हा पुढे कुठे जातो?"

शेवटी, सगळ्यात स्वस्त दुरुस्ती यंत्राच्या बाहेरच असते. दीड टनाचा एसी १५०० वॅटवर आठ तास सलग चालला तर बारा युनिट खातो; ७५ वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात जेमतेम ०.६ युनिट. एका एसीत वीस पंखे! म्हणून स्लॅबला उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा, पश्चिमेच्या खिडकीला आडोसा करा, त्या बाजूला झाड लावा. उष्णता आत आलीच नाही, तर बाहेर टाकायला कमी उरते. माळ्यावरच्या पेंढ्याचा धडा हाच होता.

करून पाहा

घरात किंवा शाळेत तापमापी असेल तर आठवडाभर दोन वेळा नोंद करा, दुपारी तीन आणि रात्री नऊ. एक नोंद स्लॅबच्या खोलीत, एक कौलारू घरात, एक झाडाच्या सावलीत. तक्ता करा आणि कुठली जागा किती वेगाने निवते ते बघा. मग घरातल्या प्रत्येक गार किंवा गरम करणाऱ्या यंत्रासाठी वहीचं एक पान ठेवा. कधी घेतलं, जाळी कधी धुतली, काय बदललं, किती पैसे लागले, हे त्यात लिहा. पुढच्या वेळी मेकॅनिक काका म्हणाले, "हा आता बदलायलाच हवा," तर आई-बाबांसमोर ते पान ठेवा. निर्णय सोपा होईल, आणि तो तुमच्या हिशेबावर होईल.